टोल पडल्यानंतर

या, असे पुढे सरका. दाराशी बसलात तर चपलांकडेच लक्ष राहील, आणि मला आज तुमचं सगळं लक्ष हवंय. एक आख्यान सांगतो. देवादिकांचं नाही, ठोशांचं आहे. पण घडलं मारुतीरायाच्या शेजारी, नारदाच्या गादीवर, आणि त्या गादीवर त्या दिवशी मी स्वतः उभा होतो. कीर्तनाला बसतो तसे बसा. घाई असेल तर आत्ताच उठा, मधून उठू नका.

सत्त्याऐंशी सालची दासनवमी. दुपारचे साडेतीन. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतला बॉक्सिंगचा हॉल असा भरला होता की खिडकीच्या गजांनाही माणसं लटकली होती. हॉलच्या मधोमध रिंग. रिंगच्या मधोमध एक पांढरी गादी अंथरलेली, आणि तिच्यावर गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला बुक्का अशा थाटात डिझेल शेडमधला एक गडी घामाघूम होऊन माइक टायसनची बाजू मांडत होता.

"वीस वर्षांचा आहे," तो सांगत होता, "तीन महिन्यांमागे जगज्जेता झाला. एकच ठोसा बसला आणि समोरचा माणूस तीनदा पडला. उठतो, पडतो, उठतो, पडतो, जसा काही—"

टण्ण.

वेळ धरणाऱ्या निंबाकाकांनी टोलाच्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारली आणि जसा काही कसा, ते आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही.

"टायसनला हात वर करा," खिरवडकरबुवा म्हणाले. मोजून अकरा हात वर झाले. "बाळा, हार काढ. तुझा गडी चांगला आहे, पण अजून त्याला आयुष्याने मारलेलं नाही. दहा वर्षांनी परत आण."

आता ही भानगड काय, ते सांगतो. आमच्या वसाहतीला बॉक्सिंगचं वेड जुनं. इंजिन चालवणाऱ्या गोऱ्या साहेबांनी लावलेलं. ते गेले, वेड राहिलं. आणि वेडासोबत भांडण राहिलं, की आजवरचा सगळ्यात मोठा बॉक्सर कोण. या भांडणात एका वर्षी दोन गार्डांनी एकमेकांचे दात पाडले. तेव्हा खिरवडकरबुवा मधे पडले. बुवा पार्सल ऑफिसात कारकून, पण संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तनाला उभे राहिले की मालगाडीसुद्धा हळू जाते असं आम्ही म्हणायचो. बुवांनी देवळातली आपली गादी उचलली, रिंगमध्ये अंथरली आणि सांगितलं, "भांडा. पण कीर्तनासारखं भांडा."

म्हणजे असं, की बोलणारा गादीवर उभा राहील. त्याच्या गळ्यात हार घालताना सगळ्यांनी त्याला वाकून नमस्कार करायचा, मग तो वयाने केवढाही असो, कारण गादीवरचा तो नारदाचा. मधे कोणी तोंड घालायचं नाही. तीन मिनिटांची फेरी. टोल पडला की तोंड बंद, वाक्य अर्धं राहिलं तरी राहू दे. आणि शेवटचा नियम बुवा दरवर्षी सगळ्यांकडे एकदा बघून सांगायचे. "या गादीवरून खोटं बोलायचं नाही. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून सांगा. छातीठोक खोटं बोलायचं असेल, तर बाहेर पानाची टपरी आहे."

जो जिंकेल त्याच्या बॉक्सरची तसबीर वर्षभर हॉलच्या भिंतीवर, मारुतीच्या शेजारी. एवढंच बक्षीस. त्यासाठी माणसं महिनाभर वर्तमानपत्रांची कात्रणं पाठ करायची.

टायसन गेला. त्याच्या आधी पर्सी अंकलचा गडी, जो लुईस, गेला होता. पर्सी अंकल म्हणजे निवृत्त इंजिन ड्रायव्हर, आमचे गुरू, पंच, स्पर्धांना जाणारा रेल्वेचा संघ निवडणारेही तेच. "बारा साल चँपियन था, मॅन, पंचवीस बार टायटल बचाया," असं हिंदीत त्यांनी मूठ नाचवत सांगितलं होतं, पण हात पडले सव्वीसच. अंतिम फेरीला दोघे उरलो. एक मी, मुरलीधर झांबरे, शेडमधला फिटर, बुवांच्या कीर्तनात तबल्याला बसणारा, मोहम्मद अलीचा वकील. दुसरा विश्राम सरोदे.

विश्रामने कोणाची बाजू घेतली होती माहितीये? ज्याला अलीने आफ्रिकेत, किन्शासाला आडवा केला होता, त्या जॉर्ज फोरमनची.

त्याचं नाव पुकारलं तेव्हाच हॉलमध्ये खसखस पिकली. "पडलेल्याला पडलेलाच वकील मिळाला," मागून कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "हातसोड्या, आज तरी हात वर ठेव रे भो."

हातसोड्या. हे नाव त्याला वर्षापूर्वी पडलं होतं, आणि पडायला मी कारण होतो.

एकाहत्तर किलोच्या वजनगटात आम्ही दोघेच. मागच्या वर्षी निवडीची लढत झाली. तिसऱ्या फेरीपर्यंत विश्राम गुणांवर पुढे होता, हे मला माझ्या बरगड्याच सांगत होत्या. शेवटच्या क्षणी बाहेरून मालगाडी धडधडत निघाली, हॉल हादरायला लागला, आणि विश्रामने अचानक दोन्ही हात खाली सोडले. माझा उजवा त्याच्या हनुवटीवर बसला. तो पडला तो दहापर्यंत उठलाच नाही. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "टोल पडला होता. मी बघितला." पर्सी अंकलना गाडीच्या आवाजात काही ऐकू आलं नव्हतं. निंबाकाकांना विचारलं. ते म्हणाले, "मी टोल मारला खरा, पण माझी नजर घड्याळावर होती. मान वर केली तेव्हा विश्राम खाली होता. आधी काय, मग काय, देवाला ठाऊक."

मला विचारलं. मी म्हणालो, "मला काही ऐकू आलं नाही."

संघात मी गेलो. संघात गेलेल्याला साहेब नोकरीत कायम करायचे, मीही कायम झालो. विश्राम हंगामी खलाशीच राहिला, आणि पुढल्या वर्षी तर त्याचं वयच निघून जाणार होतं. म्हणून या वर्षी तो सकाळ-संध्याकाळ पर्सी अंकलच्या दारात उभा राहायचा. "अंकल, एक लढत लावा. हरलो तर परत तोंड दाखवणार नाही." पर्सी अंकल मान हलवायचे. "विश्राम, तू अच्छा लडका है. लेकिन जो ट्रायल में हात छोड देता है, उसको मैं बाहर कैसे भेजूं?" दुसऱ्या दिवशी सकाळी यादी लागणार होती. एकाहत्तर किलोपुढे माझं नाव लिहून तयार होतं. लढतही नव्हती.

इथवर पूर्वरंग झाला म्हणा. आता आख्यान.

छापा-काट्यात पहिली फेरी माझी आली. बुवांनी स्वतः हार घातला, वाकले. माझ्या अंगावर काटा आला नाही असं म्हणणार नाही. दरवर्षी यायचा.

"मंडळी," मी म्हणालो, "हेवीवेट म्हणजे काय हो? हत्ती. हत्तीने हत्तीसारखं चालायचं. हा पहिला हत्ती असा की जो नाचला. हात कमरेशी ठेवून नाचला. साऱ्या जगाने सांगितलं मार खाशील, आणि याने बाविसाव्या वर्षी लिस्टनसारखा राक्षस खुर्चीतच बसवून ठेवला. बरं, पुढे काय? सरकार म्हणालं लढाईला चल. हा म्हणाला, येत नाही. पट्टा, परवाना, सगळं काढून घेतलं. साडेतीन वर्षं, ऐन उमेदीतली. आपल्याकडे साडेतीन दिवस पगार थांबला तर माणूस युनियनचा बिल्ला काढून ठेवतो."

हॉल हसला. युनियनवाले जास्त हसले. मी रंगात आलो. तबलजी माणूस, मला वेळ पोटातून कळायचा. तीन मिनिटं म्हणजे किती आवर्तनं ते मोजावं लागत नसे. मी बरोब्बर शेवटच्या शब्दावर आलो आणि टोल पडला. टाळ्यांनी पत्रा हलला.

मग विश्राम आला. रीतीप्रमाणे त्याने मला वाकून नमस्कार केला, माझ्या गळ्यातला हार काढून आपल्या गळ्यात घातला. डोळे वर केले नाहीत. उंच, हडकुळा, कॉलर झिजलेला शर्ट.

"मला नीट बोलता येत नाही," तो म्हणाला. "मी प्रश्न विचारतो. फ्रेझर साधा होता का? नव्हता. त्याने अलीला हरवलं होतं. त्या फ्रेझरला फोरमनने दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. सहा. चाळीस लढती, एक हार नाही. असा माणूस समोर होता म्हणून अली किन्शासाच्या त्या रात्री मोठा झाला ना? त्याच्या जागी कोणी किरकोळ असता, तर मुरल्या आज कोणाचं कीर्तन करणार होता?"

 कोणीतरी पुटपुटलं, "हे बाकी खरं हाये."

"तो पडला," विश्राम पुढे म्हणाला. "सगळ्या जगाने बघितलं. पडलेल्या माणसाला लोक काय म्हणतात ते मला सांगायला नको. त्याने दोन-तीन वर्षांत खेळ सोडला. आता काय करतो माहितीये? उपदेश करतो. देवाच्या दारात उभं राहून गाऊन-बोलून लोकांना सांगतो. बुवा, तुमच्याच धंद्यात आलाय तो."

बुवा मांडी थोपटून हसले. "मग तर आमचं मत घेतलंस की रे."

"आणि मी सांगतो, तो परत उठेल."

यावर जे हसू फुटलं त्यात टोल कसा ऐकू आला नवल. दहा वर्षं रिंगबाहेर असलेला, चाळिशीला टेकलेला माणूस, म्हणे उठेल. पर्सी अंकलसुद्धा चष्मा पुसत होते.

माझी दुसरी फेरी. मला ठाऊक होतं जिंकायचं कसं. मागच्या दिवाळीत पर्सी अंकलच्या भाच्याने किन्शासाच्या लढतीची व्हिडिओ कॅसेट आणली होती. भाड्याचा व्हीसीआर लावून आम्ही ती अकरा वेळा बघितली. त्यातली एक गोष्ट बाकीच्यांच्या लक्षात आली नव्हती. ती मी राखून ठेवली होती, कीर्तनात बुवा एखादा दृष्टांत शेवटासाठी राखून ठेवतात तशी.

विश्राम रिंगच्या कोपऱ्यात, त्या टोलाच्या खांबाजवळ उकिडवा बसला. मी सुरू केलं.

"सात फेऱ्या अली दोराला टेकून मार खातोय. पोटावर, बरगड्यांवर, दंडांवर. वरून फोरमनच्या कानात सांगतोय, बस, एवढंच का? आठवी फेरी आली. फोरमनचे हात जड झालेत. आणि दोरावरून अली असा सुटला," मी गादीवरच वळून दाखवलं, "डावा, उजवा, डावा, आणि सरळ उजवा. फोरमनचा तोल गेला. मोठं झाड पडताना आधी स्वतःभोवती गिरकी घेतं, तसा तो फिरत फिरत खाली चालला. आता सगळे बघा. सगळे फोरमनकडे बघतात. तुम्ही अलीच्या उजव्या हाताकडे बघा."

मी माझा उजवा हात मुठीसकट कानाशी नेला.  हॉलमध्ये फक्त पंख्यांची घरघर.

"मूठ तयार आहे. समोर उघडा जबडा. पंचाने थांबवलेलं नाही, टोल पडलेला नाही. मारायचा पूर्ण हक्क आहे. आणि अली त्याच्याभोवती फिरतो, फिरतो, हात असाच वर, आणि मारत नाही. माणूस पडतोय ना, पडू दे. मंडळी, त्याने मारलेले ठोसे हजार असतील. मी म्हणतो तो मोठा आहे या एका न मारलेल्या ठोशामुळे. हात तयार होता, आणि त्याने—"

माझी नजर कोपऱ्यात गेली. विश्राम माझ्या मुठीकडे बघत होता. वर्षभरात पहिल्यांदा त्याने मान वर केली होती. डोळ्यांत राग वगैरे नव्हता. माझी कथा ऐकताना त्याचं तोंड लहान मुलासारखं अर्धवट उघडं होतं. तो रंगला होता. माझ्या कथेत, माझ्यासमोर, तो रंगला होता.

टण्ण.

हॉल उसळला. माणसं बाकांवर उभी राहिली. जिंकलो होतो, हात मोजायची गरज नव्हती. विश्राम उठून हार घ्यायला पुढे आला. वाकणार, तेवढ्यात मी त्याचे खांदे धरले.

"काका," मी निंबाकाकांना म्हणालो, "मला अजून एक वाक्य बोलायचंय."

"टोल पडला, मुरलीधर. नियम आहे."

"माहितीये. पण टोल पडल्यानंतर मी एकदा हात चालवलाय. आज वाक्य चालवू द्या."

बाकांवरची माणसं हळूहळू खाली बसली. बुवांनी निंबाकाकांना हाताने खूण केली.

तो रुळाचा तुकडा रिंगच्या खांबाला तारेने टांगलेला असायचा. मागच्या वर्षी माझी पाठ त्याच खांबाच्या दोरांना टेकलेली होती. गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही हे खरं. पण लोखंडावर हातोडी बसली की खांब थरथरतो, आणि ती थरथर माझ्या पाठीत आली होती. स्वच्छ. हे सगळं मी कसं सांगितलं आठवत नाही. एवढं आठवतं की आवाज तबल्याच्या सैल पुडीसारखा येत होता.

"वर्षभर मी मनाला सांगत होतो की हात आधीच सुटला होता," मी म्हणालो. "सुटलेला नव्हता. इथे कानाशी होता. मला टोल कळला, याने हात खाली सोडलेले दिसले, आणि मग मी मारला. गादीवर उभा आहे. ऐकीव नाही सांगत."

 मला वाटलं होतं शिव्या पडतील. शिव्या बऱ्या असतात.

विश्रामने माझे हात खांद्यावरून काढले. आणि वाकला. रीत होती म्हणून असेल, पण वाकला. हार काढून आपल्या गळ्यात घातला, गादीवर उभा राहिला. निंबाकाकांनी घड्याळ चालू केलं. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं.

"फोरमनला विचारलं पाहिजे," शेवटी तो म्हणाला, "पडता पडता त्याला तो वरचा हात दिसला होता का. मला दिसला होता." थोडा थांबला. "माझं झालं. काका, उरलेला वेळ शिल्लक ठेवा. इथेच, लढतीला लागेल."

पर्सी अंकल उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. माझ्याकडे न बघता ते दोरांपाशी आले. "गादी उठाव," ते म्हणाले. "ग्लव्ज लाव. एकाहत्तर किलो की ट्रायल अभी होगी. यादी गई भाड में, मॅन."

बुवांनी स्वतः गादी गुंडाळली.

पाच वाजता लढत सुरू झाली. काय सांगू तुम्हाला, असा मी कधी लढलो नव्हतो. अंगावरून काहीतरी उतरलं होतं, पाय पिसासारखे झाले होते. पहिली फेरी माझी. दुसऱ्या फेरीत विश्रामचा डावा लागायला लागला. दोन लांब, एक आखूड, पुन्हा दोन लांब. लोक घसा फुटेपर्यंत ओरडत होते, आणि एकाही बाजूने "हातसोड्या" आलं नाही. मला मागे रेटत त्याने दोरांवर नेलं. पाठ टेकली. कोणत्या खांबाशी, ते तुम्हीच ओळखा.

आणि मारुतीरायाला गंमत करायची होती म्हणा, बाहेरून पाचची मालगाडी निघाली. हॉल हादरायला लागला. माझा उजवा कानाशी गेलेला, विश्रामचा जबडा हातभरावर. पाठीत खांबाची तीच थरथर आली.

मी बघतो तर विश्रामने हात खाली सोडलेले. दोन्ही. पूर्ण. गेल्या वर्षी सोडले तसेच, त्याच माणसासमोर. आणि माझ्याकडे बघतोय.

माझी मूठ जिथे होती तिथेच राहिली.

पर्सी अंकलना अर्थातच काही ऐकू आलं नव्हतं. ते आमच्याभोवती फिरत ओरडत होते, "बॉक्स, मॅन, बॉक्स! स्ट्राइक पे हो क्या दोनों?" आम्ही आपले उभे. एकाचे हात खाली, एकाचा वर. तिकडे निंबाकाका दोन्ही हात हवेत हलवून नाचत होते. गाडीचा शेवटचा डबा गेला तेव्हा अंकलना कळलं. सगळा हॉल हसत होता, आणि समोर विश्राम हसत होता. दातांवरची रबरी गमशील्ड दाखवत.

तिसऱ्या फेरीत त्याने मला धुतला. तिन्ही पंचांनी त्याच्या बाजूने कौल दिला. तो संघात गेला, रौप्यपदक घेऊन आला, पावसाळ्याआधी कायम झाला. मला पर्सी अंकलनी दोन वर्षं रिंगमध्ये पाय ठेवू दिला नाही, आणि ते बरोबरच केलं. तसबिरीचं मात्र कोडं पडलं, कारण त्या वर्षी हात मोजायचे राहूनच गेले. बुवांनी मासिकातून एक फोटो कापून टांगला. त्यात फोरमन पडतोय आणि अलीची मूठ वर आहे. दोघेही एकाच चौकटीत, मारुतीच्या शेजारी.

त्या संध्याकाळी कीर्तन होतं. मी देवळाच्या पायरीशी चपला न काढता घुटमळत होतो. तबल्याला बसायचं तोंड नव्हतं. आतून बुवा म्हणाले, "मुरलीधर, सूर लावून ठेवलाय. येतोस की मी टाळ्या वाजवून कीर्तन करू?" गेलो. आयुष्यात तेवढा चांगला हात माझा पुन्हा लागला नाही.

चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात एका सकाळी विश्राम पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दारात उभा. हातात वर्तमानपत्र. पंचेचाळीस वर्षांचा फोरमन पुन्हा जगज्जेता झाला होता. "बघ," तो म्हणाला. बाकी काही म्हणाला नाही. पुडा निम्मा तिथेच उभ्या उभ्या आम्ही संपवला.

बुवा गेले, पर्सी अंकल गेले. विश्रामला जाऊन येत्या दासनवमीला चार वर्षं होतील. भांडणं काय, चालूच राहतील. आता तुम्हीही जाता जाता रस्त्यात भांडाल, मला माहितीये. भांडा. एवढंच करा माझ्यासाठी, की कुठे कधी त्या न मारलेल्या ठोशाची गोष्ट निघाली, आणि अलीचं नाव तर सगळे घेतीलच, तेव्हा भुसावळच्या विश्राम सरोदेची एकदा आठवण काढा. एकदा मार खाऊनही ज्याने त्याच माणसासमोर दोन्ही हात खाली सोडले, त्याची.